घोरतो म्हणजे गाढ झोपलाय?

रात्री सोलापुरात सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटली की डब्यात कुणीतरी घोरू लागतं आणि कुणीतरी हेव्याने म्हणतं, ‘काय गाढ झोपलाय गडी!’ हा समज जुनाच आहे, आणि चुकीचा.

घशातल्या अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ भाग थरथरतात, त्याचा तो आवाज. प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. पण स्लीप ॲप्निया या झोपेत श्वास अडण्याच्या आजारात ही वाट अधूनमधून बंदच पडते. घोरणं अचानक थांबतं, 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास नाही, मग गुदमरल्यासारखा आचका आणि पुन्हा घोरणं. ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून जागा होतो. तासाला असे 5 प्रसंगही दखल घेण्याजोगे. 30 म्हणजे तीव्र. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काही आठवत नाही, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्याची साक्ष मोलाची. मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना दाखवलं तर उत्तमच.

सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री वारंवार लघवीला उठणं, औषधं घेऊनही न उतरणारा रक्तदाब, हीही लक्षणं. यंत्रमागांच्या खडखडाटातही डुलकी लागत असेल तर ती उन्हावर ढकलू नका (आपल्याकडे सगळंच उन्हावर ढकलतात). पुणे-हैदराबाद महामार्गावर गाडी चालवणाऱ्याने तर नाहीच नाही.

‘जाड माणसांचाच आजार’ हे अर्धसत्य. वजनाने धोका वाढतो, पण जबडा लहान किंवा टॉन्सिल मोठे असतील तर सडपातळ माणसालाही होतो.

निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेतल्या श्वासाची नोंद घेणाऱ्या तपासणीने होतं. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना विचारा. तोवर रात्रीची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी बंद. दोन्हींमुळे घसा आणखी सैल पडतो.