स्टॉकहोमचा दाखला आणि राज्यांचे अधिकार

जागतिक हवामान परिषदांमध्ये भारत विकसनशील देशांची बाजू मांडतो आणि उगवती सत्ता म्हणूनही बोलतो. या दुहेरी भूमिकेची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. मात्र बाहेर दिलेल्या शब्दाच्या आधारे देशात केंद्र, राज्ये आणि संसद यांच्यातील अधिकारांची जी फेरवाटणी होत गेली, तिच्याकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले आहे.

केंद्र आणि राज्ये यांच्यात विषयांची वाटणी करणाऱ्या, घटनेच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण असा स्वतंत्र विषय नाही. पाणी, जमीन आणि सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे आहे. वने आणि वन्यजीव १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांच्याही अधिकारात आले. पाणी राज्यांकडे असल्यामुळे १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा करताना केंद्राला अनुच्छेद २५२ चा आधार घ्यावा लागला. या अनुच्छेदानुसार किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले, तरच संसदेला राज्यांच्या विषयावर कायदा करता येतो. असा कायदा ठराव करणाऱ्या राज्यांपुरताच असतो आणि इतरांना तो मागाहून स्वीकारता येतो. कायद्याच्या प्रस्तावनेत ठराव करणाऱ्या बारा राज्यांची नावे आहेत. त्यांत महाराष्ट्र नाही. येथे १९६९ पासून राज्याचा स्वतःचा जलप्रदूषण कायदा होता आणि केंद्राचा कायदा महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. ही पद्धत संथ होती खरी, पण तिच्यात राज्यांना नकार देण्याची सोय होती.

दरम्यान १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरील परिषद झाली. यजमान देश सोडला, तर तेथे उपस्थित राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख भारताच्या तत्कालीन पंतप्रधान होत्या. त्या परिषदेतील निर्णयांचा हवाला देऊन १९८१ चा वायुप्रदूषणाचा कायदा आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला. दोन्हींचा आधार अनुच्छेद २५३ होता. आंतरराष्ट्रीय करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेत झालेला निर्णय अमलात आणण्यासाठी संसदेला संपूर्ण देशासाठी कायदा करता येतो आणि विषय राज्यसूचीतला असला तरी आडकाठी येत नाही, असे हा अनुच्छेद सांगतो.

वादाचा मुद्दा येथेच आहे. स्टॉकहोमचा जाहीरनामा हा करार नव्हता. त्यातील २६ तत्त्वांपैकी बहुतेकांचा सूर सल्ल्याचा आहे आणि एकविसावे तत्त्व तर आपल्या साधनसंपत्तीचा वापर आपल्या धोरणानुसार करण्याचा राष्ट्रांचा सार्वभौम हक्क मान्य करते. असा मजकूर राज्यांच्या अधिकारक्षेत्रात शिरण्यास पुरेसा ठरतो का? अनुच्छेदाची शब्दरचना पाहता ठरतो, कारण तिने करारापलीकडे जाऊन परिषदेतील निर्णयालाही स्थान दिले आहे. प्रदूषण राज्याची हद्द पाहत नाही आणि राज्य सरकारे कारखानदारांपुढे नमतात, हा समर्थकांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. तरीही भोपाळच्या धक्क्याने देशव्यापी कायद्याची गरज जितकी सिद्ध झाली, तितकी केंद्रीय कार्यकारी सत्तेला जवळपास अमर्याद मुभा देण्याची गरज सिद्ध झाली होती, असे म्हणणे कठीण आहे. १९८६ च्या कायद्याचे कलम ३ केंद्र सरकारला आवश्यक वाटतील ते सर्व उपाय योजण्याची मोकळीक देते. कलम ५ खाली उद्योग बंद करण्याचे किंवा त्याचे वीज-पाणी तोडण्याचे आदेश देता येतात.

पुढचा इतिहास मुख्यतः अधिसूचनांचा आहे. १९९१ चे किनारपट्टी नियमन आणि १९९४ व २००६ ची पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची चौकट संसदेत स्वतंत्र कायदा न होता आली. २००६ मध्ये राज्यस्तरीय प्राधिकरणे निर्माण झाली, परंतु ती स्थापन करण्याचा अधिकार केंद्राकडेच राहिला. मुरूड-जंजिरा, डहाणू, महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान येथील उद्योग व बांधकामांवरील बंधनेही याच कायद्याखालील आहेत. पश्चिम घाटाबाबत मात्र हे शस्त्र बोथट ठरले: सहा राज्यांतील सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्रातील १७,३४०, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्याचा पहिला मसुदा २०१४ मध्ये निघाला आणि राज्यांच्या विरोधामुळे २०२४ मध्ये सहावा मसुदा काढावा लागला. कागदावर नसलेला नकाराधिकार राजकारणाने परत मिळवला, असे याचे वर्णन करता येईल.

हवामानाच्या वाटाघाटींत संसदेचा वाटा आणखी आक्रसला. करार करणे हा केंद्राच्या कार्यकारी अधिकाराचा भाग असल्याने त्याला संसदेची संमती लागत नाही. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेपूर्वी उत्सर्जनतीव्रता, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात होणारे उत्सर्जन, २० ते २५ टक्क्यांनी घटवण्याची घोषणा लोकसभेत झाली, पण ती निवेदन म्हणून. पॅरिस कराराला भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी मान्यता दिली. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो हवामान परिषदेच्या व्यासपीठावरून देशाला कळले. जमीन राज्यांची आणि वीज समवर्ती सूचीतली, तरीही २०२२ मधील सुधारित उद्दिष्टांना मान्यता दिली ती केंद्रीय मंत्रिमंडळाने.

अनुच्छेद २५२ आणि २५३ या दोन मार्गांतील फरक अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये जनविश्वास कायद्याने वायू आणि पर्यावरण कायद्यांतील अनेक तुरुंगवासाच्या तरतुदी एका फटक्यात देशभर काढून त्यांच्या जागी दंड आणला. जलप्रदूषण कायद्यात तोच बदल करायला २०२४ मध्ये वेगळी दुरुस्ती आणावी लागली आणि ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरतीच लागू झाली, कारण तेव्हा ठराव केवळ त्या दोन राज्यांनी केले होते.