कापडाचे रंग आणि पारपटलातले तीन डाग

नेत्ररोपणात दात्याचे पारपटल, म्हणजे कॉर्निया, बसवण्याआधी रुग्णाचे जुने पारपटल कापून काढतात. ते कचऱ्यात जात नाही. सात-आठ मिलिमीटर व्यासाची, सदऱ्याच्या बटणाएवढी ती चकती फॉर्मलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीत पाठवतात. तिथे ती मधोमध कापून मेणाच्या ठोकळ्यात काठावर उभी बसवतात. आडवी पडली तर थर एकाखाली एक दिसत नाहीत आणि सगळी मेहनत वाया जाते.

मग मेणासकट तिचे पातळ काप काढून रंगवतात. पहिला स्टेन, म्हणजे काप रंगवण्याचा रंग, ठरलेला: हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोतल्या कांपेचे भागातल्या एका झाडाच्या लाकडातून येते. ते लाकूड युरोपात जहाजे भरभरून जायचे ते कापड रंगवायला. रंग पक्का बसावा म्हणून रंगारी आधी तुरटी वापरत, आणि प्रयोगशाळेतही 1865 पासून तुरटीच वापरात आली. इओसिन हा 1870च्या दशकात जर्मनीत तयार झालेला कृत्रिम रंग. या जोडीने पेशींची केंद्रके जांभळी होतात, बाकी सगळे गुलाबी.

पण काही आजारांत हे गुलाबीपणच आड येते. पारपटलाच्या मधल्या थरात जन्मजात दोषामुळे काहीतरी साचत जाते आणि वर्षानुवर्षे नजर धूसर होते. या आजारांना डिस्ट्रॉफी म्हणतात. एका प्रकारात रवा सांडल्यासारखे पांढरे कण दिसतात, तो ग्रॅन्युलर. दुसऱ्यात काचेला बारीक तडे जावेत तशा रेषांची जाळी दिसते, तो लॅटिस. तिसऱ्यात डागांच्या मधली जागाही धुरकटलेली असते, तो मॅक्युलर. साध्या स्टेनवर पहिल्या दोघांतले साचलेले द्रव्य गुलाबीच दिसते, आणि तिसऱ्यातले नीट नजरेतच भरत नाही.

या गोंधळाची सुरुवात 1890 सालची. ब्रेस्लाऊच्या ग्रोनाऊ यांनी गाठीगाठींच्या धूसरतेचे दोन रुग्ण नोंदवले आणि दोघांना एकाच नावाखाली घातले. आज पाहता त्यातला एक ग्रॅन्युलरचा होता, दुसरा मॅक्युलरचा. त्याच वर्षी झ्युरिकमध्ये बीबर यांनी जाळीचा प्रकार वर्णिला. पुढे 1938 मध्ये ब्यूकलर्स यांनी वंशावळी तपासून तिघांची फाळणी केली. ग्रॅन्युलर आणि लॅटिस आईबापांपैकी एकाकडून आले तरी पुरते. मॅक्युलरला दोघांकडून यावे लागते. म्हणून जिथे नात्यात लग्ने होतात तिथे तो जास्त दिसतो. आतेमामे भावंडांची लग्ने आपल्याकडे परकी नाहीत, आणि दक्षिण भारतातल्या नेत्ररुग्णालयांना हा आजार चांगलाच परिचयाचा आहे.

वंशावळ म्हणजे तरी सांगीवांगीच. काचेवरचा पुरावा रंगांनी दिला, आणि त्यांतला सर्वांत मजेदार कांगो रेड. हा 1880च्या दशकातला जर्मन रंग. सुती कापडावर तुरटीबिरटी काही न लावता थेट बसतो, म्हणून तो खपला. त्या सुमारास बर्लिनमध्ये आफ्रिकेच्या वाटणीची परिषद भरली होती, कांगो हे नाव वर्तमानपत्रांत गाजत होते, तेच मालाला चिकटवले. आफ्रिकेतल्या नदीशी त्याचा याहून अधिक संबंध नाही. 1922 मध्ये बेनहोल्ड यांना आढळले की अमायलॉइड नावाचे चिवट प्रथिन हा रंग उचलते. अमायलॉइडच्या घट्ट रचलेल्या तंतूंवर रंगाचे लांबट रेणू ओळीने बसतात.

लॅटिसमधली जाळी अमायलॉइडचीच असते. इथे सेक्शन, म्हणजे काप, नेहमीपेक्षा थोडे जाड, आठ-दहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घेतात. पातळ घेतले तर रंग फिका पडतो. सूक्ष्मदर्शकावर दोन ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या चकत्या, लावून एक फिरवत न्यावा. पार्श्वभूमी काळी होत जाते आणि मघाशी विटकरी दिसलेले पट्टे हिरव्या सफरचंदासारखे उजळतात.

ग्रॅन्युलरसाठी मासाँ ट्रायक्रोम हा स्टेन: निळ्या कोलॅजनमध्ये, म्हणजे पारपटलाच्या मूळ तंतूंमध्ये, लालभडक ठिपके. मॅक्युलरसाठी अल्शियन ब्लू, हाही मुळात कापडाचाच रंग. 1950 मध्ये स्टीडमन यांनी तो ऊतींसाठी आणला. तो थरांमधला साठा आणि पेशींची पोटे दोन्ही निळी करतो. ही तीन रंगांची कसोटी 1961 मध्ये अमेरिकेतल्या जोन्स आणि झिमरमन यांनी पद्धतशीर मांडली. तेव्हापासून परीक्षार्थी ‘मेरिलिन मन्रो ऑलवेज गेट्स हर मॅन इन एलए काउंटी’ घोकत आले आहेत: आजार, साचलेले द्रव्य आणि रंग यांची आद्याक्षरे त्यात बसवलेली आहेत. मराठीत कुणी असे काही रचले असेल तर ते माझ्या कानावर आलेले नाही.

एवढे सगळे जमले, तोच 1988 मध्ये फोल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी न बसणारे रुग्ण नोंदवले. त्यांच्या पारपटलात वरच्या भागात मासाँचे लाल ठिपके होते आणि खाली कांगो रेड घेणारे पट्टेही. त्यांची घराणी मूळची इटलीतल्या आवेलिनो गावची, म्हणून आजाराला गावाचे नाव पडले. उलगडा 1997 मध्ये झाला. लोझानच्या मुनिए यांच्या गटाने दाखवले की ग्रॅन्युलर, लॅटिस आणि आवेलिनो या तिघांचे मूळ एकाच जनुकात आहे, पाचव्या गुणसूत्रावर. त्या जनुकावरून घडणाऱ्या प्रथिनातल्या 124व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आले की लॅटिस, हिस्टिडिन आले की आवेलिनो. 555व्या जागी ट्रिप्टोफॅन आले की ग्रॅन्युलर. रंगांनी ज्यांना दोन घरांत बसवले ते सख्खे भाऊ निघाले. मॅक्युलर तेवढा खरोखरच परका ठरला. त्याचे जनुक, सोळाव्या गुणसूत्रावरचे, 2000 मध्ये सापडले.

गावाचे नाव मात्र फसवे ठरले. आवेलिनो डिस्ट्रॉफी सर्वांत जास्त आढळते ती कोरिया आणि जपानमध्ये. ज्याच्या डोळ्यांत तिचे दोन-चार कणच आहेत, त्याने चष्मा घालवण्यासाठी लेसर करून घेतले, तर कापलेल्या पातळीत कणांचा थरच्या थर जमतो. म्हणून कोरियात लेसरआधी या जनुकाची चाचणी करण्याची पद्धत रुळली आहे.