पोटातला जंतू दुर्बिणीशिवायही सापडतो

"दुर्बीण घातल्याशिवाय अल्सरचा जंतू कळतच नाही," असं नागपुरात सर्रास ऐकू येतं. महाल भागातल्या आमच्या शेजारच्या काकू याच धाकानं दोन वर्षं पर्समध्ये पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीची स्ट्रिप घेऊन फिरल्या, दोष मात्र सावजी रश्श्याला. रश्श्यानं जळजळ वाढते, खरंय. पण बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू किंवा दुखण्यावरच्या गोळ्या असतात.

हा जंतू ओळखायला श्वासाची तपासणी आहे. उपाशीपोटी एका पिशवीत फुंकायचं, कार्बन-१३ असलेला युरिया पाण्यातून प्यायचा, साधारण अर्ध्या तासानं पुन्हा फुंकायचं. जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन श्वासावाटे बाहेर येतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. शौचाच्या नमुन्यातूनही जंतू कळतो. रक्तातल्या अँटीबॉडीच्या (जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या प्रथिनांच्या) तपासणीवर मात्र विसंबू नका. जंतू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह येते.

तपासणीआधी डॉक्टरांना विचारून पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. काळी शौच, रक्ताची उलटी, घटणारं वजन असेल तर मात्र दुर्बीण टाळू नका.