प्राचीन ग्रीक भाषेतील कारागिरीची रूपके

भाषेचा घाट आणि बुद्धीची सूक्ष्मता यांचे वर्णन करण्यासाठी प्राचीन ग्रीकांनी विणकर, सुतार, लोहार यांच्या कामातून शब्द उचलले. साहित्यशास्त्र स्वतंत्रपणे उभे राहण्याच्या कितीतरी आधी ते कवींच्या तोंडी रुळले होते. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात ओडिसियस आणि मेनेलेअस हे ग्रीक वीर सभेत शब्द व मसलती विणतात. सिरॅक्यूजचा सत्ताधीश हिएरोन याच्यासाठी रचलेल्या एका स्तोत्रात कवी पिंडार सत्याच्या ऐरणीवर जीभ घडवायला सांगतो. दुसऱ्यात तो म्हणतो, की नेस्टर आणि सार्पेडॉन हे ‘इलियड’मधले वीर आज माहीत आहेत ते कुशल सुतारांनी जुळवलेल्या शब्दांमुळे.

या सर्वांत ‘लेप्टोस’ (बारीक, तलम) या विशेषणाचा प्रवास सर्वांत विलक्षण. त्याचे मूळ सोलणे या अर्थाच्या क्रियापदात. होमरकडे बैलांच्या पायांखाली मळून टरफल सुटलेल्या सातूला ते लागते, तलम वस्त्रालाही लागते. इ.स.पू. पाचव्या शतकातील अथेन्समध्ये ते बुद्धीला लागू लागले, आणि स्तुतीइतकेच टवाळीसाठीही. विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘मेघ’ (इ.स.पू. ४२३) या नाटकात सॉक्रेटिसच्या शाळेत पिसवाचे पाय मेणात बुडवून त्याची उडी मोजली जाते, ते ऐकून म्हातारा स्ट्रेप्सिआडीस बुद्धीच्या या तलमपणाने थक्क होतो. याच नाटककाराने इ.स.पू. ४११ मध्ये कवी अगाथॉनला जहाज बांधणाऱ्याच्या, कातारी आणि ओतारी यांच्या क्रियापदांत पकडले: तो ओळी लेथवर कातून घडवतो, डिंकाने चिकटवतो, साच्यात ओततो. ही थट्टा नेमकी बसते, कारण प्रेक्षकांना ती हत्यारे रोजच्या पाहण्यातली होती. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसही लिसिअस या वक्त्याच्या भाषणातले शब्द कसे गोलाईने कातले आहेत, असे म्हणतो.

कवी कॅलिमेकसने इ.स.पू. तिसऱ्या शतकात थट्टेतला ‘लेप्टोस’ काव्याचा आदर्श केला. त्याच्या ‘एटिया’ या काव्याच्या प्रस्तावनेत अपोलो बजावतो, की बळीचा पशू पुष्ट असावा, काव्यदेवता मात्र सडपातळ. अराटस या कवीच्या ‘फेनोमेना’ या ताऱ्यांवरील काव्यातल्या ७८३ ते ७८७ या ओळींची आद्याक्षरे जोडली की ‘लेप्टे’ हे त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप उमटते, आणि त्यांतली पहिली ओळही त्याच शब्दाने सुरू होते. आधुनिक अभ्यासकांपुढे ही गोष्ट जां-मारी जाक यांनी १९६० मध्ये आणली.

पुढे वक्तृत्वशास्त्राने ही रूपके संज्ञा म्हणून पक्की केली. मूळचा पोकळ, कोरलेला असा अर्थ असलेला ‘ग्लाफिरोस’ हा शब्द सफाईदार शैलीचे नाव झाला. हॅलिकार्नाससच्या डायोनिसिअस या वक्तृत्वशास्त्रज्ञाने तर प्लेटो ऐंशीव्या वर्षीही आपले संवाद विंचरत, कुरळे करत, त्यांच्या वेण्या घालत होता, असे नोंदवले आहे.