शाळेतला गोळीबार आणि ४० लाखांचे गणित

अमेरिकेत कुठे शाळेत किंवा मॉलमध्ये गोळीबार झाला की आपल्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक यादी फिरू लागते. मूल एकलकोंडे आहे का, काळे कपडे घालते का, मोबाइलवर बंदुकीचे खेळ खेळते का. तसे असेल तर सावध! कोल्हापुरातल्या एका गटावर ही यादी आली, तेव्हा खाली एका आईने विचारले, "माझा मुलगा फारसा कुणाशी बोलत नाही, मी काय करू?" ते वाचून राहवले नाही, म्हणून हा लेख.

ताई, त्या यादीला काही आधार नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड केले. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा सांभाळणारी सीक्रेट सर्व्हिस आणि तिथले शिक्षण खाते यांनी १९७४ ते २००० या काळातले शाळांवरचे ३७ हल्ले आणि ते करणारे ४१ जण तपासले. २००२ मध्ये अहवाल आला. त्या ४१ जणांत हुशार मुले होती आणि नापास होणारीही, मित्रांच्या घोळक्यात रमणारी होती आणि एकटी राहणारीही. सगळ्यांना लागू पडेल असे वर्णन निघालेच नाही. मानसिक आजाराचेही तसेच. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने २०१८ मध्ये ६३ हल्लेखोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या फक्त २५ टक्क्यांना आधी तसे निदान झाल्याची खात्री पटली.

पण समजा, यादी खूप सुधारली. तरी काय होईल? इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी गोम या गणितात आहे.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३८ लाख ७६ हजार होती. सोयीसाठी ४० लाख धरू. यापुढचे आकडे कल्पित आहेत. समजा, त्यांतल्या ४ जणांच्या मनात खरेच असे काही शिजते आहे. आपली चाचणी धोकादायक माणसाला १०० पैकी ९९ वेळा पकडते आणि निरपराधाला १०० पैकी ९९ वेळा सोडून देते. ती साऱ्या जिल्ह्याला लावली. ते चौघे बहुधा सापडतील. पण उरलेल्यांतला एक टक्का, म्हणजे सुमारे ४० हजार निरपराध माणसेही त्यांच्यासोबत सापडतील. पकडलेल्या दर १० हजारांत खरा एक! चाचणी आणखी दहापट अचूक केली तरी चौघांमागे ४ हजार निरपराध राहतातच, कारण आपण शोधतो ती गोष्टच इतकी विरळ आहे.

आता तीच पहिली चाचणी दुसऱ्या लोकांना लावू. ज्यांनी "त्यांना संपवणार" असे कुणाला तरी सांगितले आहे, दिवस बोलून दाखवला आहे, हत्याराची चौकशी सुरू केली आहे, असे १० हजार जण घ्या आणि त्यांतले १०० खरे धोकादायक धरा. चाचणी १०० पैकी ९९ खरे पकडेल आणि ९,९०० निरपराधांपैकी ९९ चुकून पकडेल. म्हणजे सापडलेल्यांतले निम्मे खरे.

थॉमस बेझ या इंग्रज पाद्री-गणितज्ञाचा हा नियम त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्यास खोटे हे आधीचे प्रमाण घ्यायचे आणि पुराव्याच्या वजनाने गुणायचे. आपली चाचणी शंभर धोकादायकांतले ९९ पकडते आणि शंभर निरपराधांतला १, म्हणून तिचे वजन ९९ भागिले १, म्हणजे ९९. दहा लाखांत एकाला ९९ ने गुणले की जेमतेम दहा हजारांत एक होतो. ९९ खोट्यांमागे एक खरा या प्रमाणाला गुणले की एकास एक. चाचणी कुणाला लावायची, यावरच सगळे ठरते.

म्हणूनच चेहऱ्यावरून गुन्हेगारी वृत्ती हेरणाऱ्या एआय कॅमेऱ्याची जाहिरात दिसली तर शाळेचा पैसा त्यात घालू नका. इटलीच्या लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने १८७६ मध्ये कवटी आणि जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा दावा केला होता. विज्ञानाने तो केव्हाच टाकून दिला. पत्रिकेतला मंगळ दाखवून लेकराला तापट ठरवणे तर निव्वळ अन्याय आहे.

मग ते १० हजार जण कळणार कसे? हल्लेखोर आधी बोलतात. २००२ च्या अहवालात ८१ टक्के प्रकरणांत किमान एकाला तरी बेताची कल्पना होती, आणि ती व्यक्ती बहुधा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होती. ज्याच्यावर हल्ला करायचा त्याला मात्र सहसा धमकी दिलेली नव्हती. कधी कुणी कळवतेही, पण पुढे काही होत नाही. अमेरिकेत पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मारले गेले. त्याच्या महिनाभर आधी, ५ जानेवारीला, एफबीआयला त्या तरुणाबद्दल सावध करणारा फोन आला होता. तो एफबीआयच्याच मायामीच्या कार्यालयापर्यंत पोचवलाच गेला नाही.

पंचगंगेच्या पुराचे आपण काय करतो? कोणत्या घरात पाणी शिरेल हे जूनमध्ये कुणी सांगत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि त्या त्या पातळीला काय करायचे ते ठरलेले असते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे ड्यूई कॉर्नेल यांची पद्धत अशीच आहे. मुलाने धमकी दिली की मुख्याध्यापक, समुपदेशक आणि पोलीस अधिकारी मिळून विचारतात: रागात तोंडून गेले, की ठिकाण, वेळ, हत्यार ठरले आहे? ३५ शाळांतल्या १८८ धमक्या अशा तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के पहिल्या प्रकारच्या निघाल्या. माफी, समजूत, विषय संपला. उरलेल्यांकडे नीट लक्ष देता आले.

हत्यार हाताशी असणे हा वेगळा मुद्दा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात बंदुकीचे कौतुक आहे आणि ते असावेच. पण त्या ३७ हल्ल्यांतली बहुतेक हत्यारे मुलांनी स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातून उचलली होती. गुरुग्राममध्ये डिसेंबर २००७ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी शाळेतच वर्गमित्राला गोळी घातली, ते पिस्तूलही एकाच्या वडिलांचे होते. निवडणुकीत परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, तशी घरात कुणी खचलेले किंवा धुमसत असेल तेव्हाही ती घराबाहेर ठेवा.

हल्ल्याआधी अनेक हल्लेखोरांच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत असतात. त्यामुळे मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली, जुन्या हल्लेखोरांचे कौतुक आले, तर न ओरडता सरळ विचारा आणि 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येते. आणि हत्यार किंवा दिवस कानावर आला, तर लगेच ११२.