मूल खासगी शाळेत, जबाबदारी सरकारची: अमेरिकेतल्या विशेष शाळांच्या तपासणीची पार्श्वभूमी

सकाळी एक छोटी व्हॅन घरासमोर येऊन थांबते. आत एक-दोन मुलं आधीच बसलेली असतात. व्हॅन जवळच्या सरकारी शाळेवरून पुढे जाते आणि बऱ्याच वेळाने एका खासगी विशेष शाळेच्या दाराशी थांबते. या मुलाला तिथे त्याच्या सरकारी शाळेनंच पाठवलेलं असतं, कारण त्याला जे लागतं ते आपल्याकडे देता येत नाही, असं तिनं लेखी मान्य केलेलं असतं. फी, थेरपी, व्हॅनचं भाडं हे सगळं सार्वजनिक पैशातून जातं. आई-वडिलांना एक डॉलरही द्यावा लागत नाही. संध्याकाळी मूल घरी परततं, म्हणून या निवासी नसलेल्या शाळांना डे स्कूल म्हणतात.

या मुलाचा दिवस कसा गेला, हे सरकारला कसं कळतं? अमेरिकेत तपासणीची सगळी व्यवस्था या प्रश्नाभोवती उभी राहिली आहे. ती एका झटक्यात उभी राहिली नाही आणि तिचे बरेचसे भाग कुणाला तरी इजा झाल्यानंतर जोडले गेले, म्हणून तिचा इतिहास समजून घ्यायला हवा.

सुरुवातीला तपासायला काही नव्हतंच. १९५० आणि ६०च्या दशकांत मतिमंद, सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा ऑटिस्टिक मुलांना अनेक राज्यांतल्या सरकारी शाळा सरळ दारातूनच परत पाठवत. अशा मुलांना वगळायची मुभा कायद्यानंच दिलेली असे. मग पालकांनी आपसात वर्गणी काढून चर्चच्या तळघरात, रिकाम्या खोल्यांत स्वतःच वर्ग भरवले. आजच्या अनेक खासगी विशेष शाळांची मुळं त्या तळघरांत आहेत. आज अशा शाळांवर टीका करताना हे विसरू नये. सरकारनं दार लावलं होतं तेव्हा ते यांनी उघडलं.

दोन खटल्यांनी हे चित्र बदललं. पेनसिल्व्हेनियात पालकांच्या संघटनेनं राज्यावर दावा लावला आणि १९७१-७२ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला: कोणत्याही मतिमंद मुलाला मोफत शिक्षण नाकारता येणार नाही. दुसरा खटला मिल्सचा, वॉशिंग्टन डीसीमधला, १९७२ चा. तिथे शहरात विशेष गरजा असलेली २२,००० पर्यंत मुलं असावीत आणि त्यांतल्या सुमारे १८,००० मुलांना विशेष शिक्षण मिळतच नाही, असं समोर आलं. पैसे नाहीत, ही सबब न्यायालयानं मान्य केली नाही. निकालात एक महत्त्वाची गोष्ट होती. मुलाला नेहमीच्या वर्गातून बाहेर काढायचं तर योग्य पर्याय द्यायलाच हवा, आणि त्या पर्यायांत दुसरीकडे शिकण्यासाठी फीचं अनुदानही धरलं होतं. सरकारी पैशानं खासगी शाळा, ही वाट तिथे कायद्याच्या भाषेत आली.

मॅसॅच्युसेट्सनं तर केंद्राची वाटच पाहिली नाही. बॉस्टनमध्ये शाळेबाहेर राहिलेल्या मुलांचा शोध घेणारा अहवाल १९७० मध्ये आला आणि १९७२ मध्ये राज्यानं 'चॅप्टर ७६६' हा कायदा केला. तो १९७४ मध्ये लागू झाला. तिथल्या मान्यताप्राप्त खासगी विशेष शाळांना आजही लोक '७६६ शाळा' म्हणतात.

केंद्राचा कायदा आला तो २९ नोव्हेंबर १९७५ रोजी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीनं. देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुलं आहेत, निम्म्यांहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुलं सरकारी शिक्षणातून पूर्णपणे बाहेर आहेत, हे काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, त्या कायद्यातच लिहून ठेवलं. १९९० मध्ये त्याचं नाव बदललं आणि आज तो आयडीईए म्हणून ओळखला जातो. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, ही कल्पना त्यातलीच.

या कायद्यात खासगी शाळांतल्या मुलांचे दोन गट पडतात. त्यांची गल्लत झाली की पुढचं काहीच नीट कळत नाही. एक, पालकांनी आपल्या मर्जीनं घातलेली मुलं. त्यांच्याबाबत सरकारची जबाबदारी मर्यादित आहे. दुसरा, सरकारी यंत्रणेनं पाठवलेली मुलं. यांचे हक्क सरकारी शाळेतल्या मुलाइतकेच पूर्ण राहतात. आयईपी खासगी शाळा राबवत असली तरी जबाबदारी स्कूल डिस्ट्रिक्टची (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेची) आणि राज्याच्या शिक्षण विभागाचीच, असं नियमात स्पष्ट आहे. काम दुसऱ्याला देता येतं, उत्तरदायित्व देता येत नाही.

मग देखरेख करायची कशी? केंद्राचा नियम फार थोडक्यात बोलतो. शाळा नियम पाळतात का यावर राज्यानं लक्ष ठेवावं, आणि त्यासाठी लेखी अहवाल, प्रत्यक्ष भेटी, पालकांना प्रश्नावली अशा पद्धती वापराव्यात. राज्याचे निकष प्रत्येक अशा शाळेला द्यावेत आणि निकष ठरवताना शाळांनाही सहभागी होऊ द्यावं. किती दिवसांनी भेट द्यायची, न कळवता जायचं की नाही, चूक सापडली तर काय, यातलं काही तिथे नाही. ते सगळं राज्यांवर सोडलं. शिवाय, या शाळांनी सरकारी शाळांचे निकष पाळायचे हे सांगतानाच विशेष शिक्षकांच्या पात्रतेचा केंद्रीय नियम त्यांना लागू केलेला नाही. सर्वांत जास्त मदत लागणाऱ्या मुलांपुढे कोण उभं राहणार, हाच मुद्दा सैल सोडला गेला, आणि मला तो या नियमातला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो.

न्यायालयांनी चित्रात आणखी एक पदर जोडला. १९८५ मध्ये बर्लिंग्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी आराखडा अपुरा असेल आणि पालकांनी निवडलेली खासगी शाळा योग्य असेल, तर पालकांना फी परत मिळू शकते. ती शाळा निदान राज्याची मान्यता असलेली होती. १९९३ च्या फ्लोरेन्स काउंटी विरुद्ध कार्टर खटल्यातली शाळा मान्यताप्राप्त नव्हती. दक्षिण कॅरोलायनातल्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टचं म्हणणं, मान्यता नसलेल्या शाळेचे पैसे का द्यायचे? पण मान्यताप्राप्त शाळांची यादी त्या राज्यानं लोकांपुढे ठेवलेलीच नव्हती, एकेका मुलापुरता निर्णय व्हायचा. जी यादी बघताच येत नाही, तिच्यातली शाळा पालक निवडणार कुठून? न्यायालय एकमतानं पालकांच्या बाजूनं उभं राहिलं. निकाल न्याय्यच होता. पण तेव्हापासून दोन वाटा झाल्या: डिस्ट्रिक्ट मूल पाठवतं तेव्हा राज्याच्या निकषांची चाळणी लागते, पालक न्यायालयातून जातात तेव्हा ती लागेलच असं नाही.

राज्यांनी आपापल्या पद्धतीनं घडी बसवली. न्यूयॉर्कच्या अशा खासगी शाळांना १९७६ च्या कायद्याच्या क्रमांकावरून '८५३ शाळा' हे नाव पडलं. कॅलिफोर्नियानं तीन वर्षांचं चक्र ठेवलं: पहिल्या वर्षी शाळेनं स्वतःची तपासणी करायची, दुसऱ्या वर्षी राज्याचे लोक येणार, तिसऱ्या वर्षी पाठपुराव्याची भेट.

तपासनीस शाळेत गेला की त्याच्यापुढे आधी येते ती फाइल. समजा, आयईपीत लिहिलंय: आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं स्पीच थेरपी. मग थेरपिस्टचा परवाना चालू आहे का, आणि तिच्या नोंदवहीत तेवढी मिनिटं भरतात का? एखाद्या महिन्यात थेरपिस्ट नोकरी सोडून गेली आणि पाच आठवडे रकाना कोरा राहिला, तर तो त्रुटीचा शेरा होतो आणि बुडालेले तास भरून देण्याचा प्रश्न येतो. कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीची चौकशी, वर्गात मुलामागे किती मोठी माणसं, औषधांच्या नोंदी, आगीच्या सरावाच्या तारखा. हे सारं कागदावर दिसतं, मोजता येतं. पण तिसऱ्या खोलीतला मुलगा हात कानावर ठेवून कोपऱ्यात का बसलाय, त्याच्याशी शिक्षिका कुठल्या आवाजात बोलते, हे फाइलमध्ये नसतं. चांगले तपासनीस ते पाहतात. पण व्यवस्था त्यांच्याकडून आधी रकाने भरून मागते.

पैशाच्या बाजूनं सर्वांत स्पष्ट चित्र व्हर्जिनियाचं आहे. तिथे १९९० च्या दशकापासून या मुलांचा खर्च एका वेगळ्या निधीतून होतो. त्याच्या कायद्याचं आजचं नाव चिल्ड्रन्स सर्व्हिसेस ॲक्ट. विधिमंडळाच्या जेएलएआरसी या लेखापरीक्षण संस्थेनं २०२० मध्ये अहवाल दिला: २०१० ते २०१९ या काळात खासगी डे स्कूलवरचा खर्च दुपटीहून अधिक वाढला होता. मूल खासगी शाळेत गेलं तर हा निधी मिळतो, त्याच मुलाला सरकारी शाळेत टिकवायला मात्र तो वापरता येत नाही, हेही त्यात होतं. मुलाला जबरदस्तीनं धरून आणि कोंडून ठेवण्याबाबत सरकारी शाळांना लागू असलेले नियम या शाळांनाही लावावेत, अशी शिफारसही संस्थेनं केली.

हा धरून ठेवण्याचा मुद्दाच या इतिहासातला सगळ्यात दुखरा भाग आहे. २००९ मध्ये केंद्राच्या जीएओ या लेखापरीक्षण कार्यालयानं काँग्रेससमोर सांगितलं की सरकारी आणि खासगी शाळांत मुलांना दाबून धरण्याच्या किंवा कोंडण्याच्या शेकडो तक्रारी आहेत, त्यांत मृत्यूही आहेत आणि याला आवर घालणारा कोणताही केंद्रीय कायदा नाही. त्यानंतर विधेयकं वारंवार मांडली गेली, कायदा झाला नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या एका खासगी विशेष शाळेत १३ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाला जमिनीवर पालथं दाबून बराच वेळ धरून ठेवलं. नंतर तो रुग्णालयात वारला. शाळा राज्याची प्रमाणपत्रधारक होती. ते प्रमाणपत्र जानेवारी २०१९ मध्ये रद्द झालं.

वॉशिंग्टन राज्याचा धडा निराळा. तिथे २०२२ मध्ये सिॲटल टाइम्स आणि प्रोपब्लिका यांनी खासगी विशेष शाळांच्या एका मोठ्या साखळीबद्दलच्या वर्षानुवर्षांच्या तक्रारी उघड केल्या. मुलं अनेक डिस्ट्रिक्टमधून येत होती आणि तक्रारीही तशाच विखुरल्या होत्या. प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या टेबलावर एक-दोन कागद, पूर्ण चित्र कुणाकडेच नाही. २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळानं राज्याच्या शिक्षण कार्यालयाचे देखरेखीचे अधिकार वाढवले.

कॅलिफोर्नियानं त्या मुलाच्या मृत्यूनंतर २०१९ मध्ये जो कायदा केला, त्यात पोलिसांना बोलवावं लागलेली घटना एका कामकाजाच्या दिवसात कळवण्याचं बंधन आलं आणि शाळेच्या प्रमुखाच्या पात्रतेचे निकषही. पण त्यातलं एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचते. ज्या डिस्ट्रिक्टनं मूल पाठवलं, त्याच्या माणसानं वर्षातून निदान एकदा स्वतः त्या शाळेत जायचं. सेवा मिळतात का, प्रगती कुठवर आली ते पाहायचं, इमारत फिरून बघायची. आणि शिकवणं चालू असताना वर्गात बसून त्या मुलाकडे पाहायचं.