युद्धक्षेत्रातील गरोदर सैनिक : लष्करी नियम

युद्धक्षेत्रात तैनात असलेली स्त्री सैनिक गरोदर राहिल्यास तिला केव्हा माघारी पाठवावे, पुन्हा केव्हा तैनात करावे आणि तिची नोकरी टिकावी की नाही, हे ठरवणारे लष्करी नियम. रणभूमीवरून हलवणे आणि सेवेतून काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या नियमांत मात्र त्या एकच मानल्या जात.

अमेरिकेतील सक्तीच्या सेवामुक्तीचा उगम साधारणपणे अध्यक्ष ट्रूमन यांच्या २७ एप्रिल १९५१ च्या १०२४० क्रमांकाच्या कार्यकारी आदेशात शोधला जातो. गरोदर असणे, सेवेत असताना मूल जन्मणे, अल्पवयीन मुलाचा ताबा असणे, एवढेच नव्हे तर सावत्र मूल वर्षातून तीस दिवसांहून अधिक काळ घरी राहणे, यांपैकी कोणत्याही कारणाने स्त्रीला काढून टाकण्याची मुभा या आदेशाने दिली. परंतु त्याला आधार होता तो १९४८ च्या महिला सशस्त्र सेवा एकात्मीकरण कायद्याचा. शिवाय गरोदर स्त्रीला सेवामुक्त करण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धातील महिला दलांत आधीपासूनच होती. त्यामुळे १९५१ च्या आदेशाने रूढ पद्धतीला अध्यक्षीय अधिकार दिला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या नियमाची खरी कसोटी व्हिएतनाम युद्धात लागली. हवाई दलातील परिचारिका कॅप्टन सुझन स्ट्रक १९७० मध्ये तेथे सेवेत असताना गरोदर राहिल्या. त्या काळी लष्करी रुग्णालयात गर्भपाताची सोय होती. स्ट्रक यांनी मात्र धर्मश्रद्धेमुळे तो नाकारला आणि मूल दत्तक देण्याचे ठरवले. तरीही त्यांच्या सेवामुक्तीचा आदेश निघाला. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने दलाची बाजू उचलून धरली. रणक्षेत्रात गरोदर सैनिक असू नये, हा त्यामागील एक आधार होता. स्ट्रक यांची तक्रार व्हिएतनाममधून परत पाठवल्याबद्दल नव्हतीच, ती नोकरी जाण्याबद्दल होती. ही तफावत निर्णयात पुरेशी उतरली नाही, हा त्यातील मोठा दोष होय. सर्वोच्च न्यायालयासाठी वकील रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी स्ट्रक यांची बाजू मांडणारे लेखी निवेदन तयार केले. सुनावणीपूर्वीच, १९७२ मध्ये, हवाई दलाने सेवामुक्ती मागे घेतली आणि तत्त्वाचा प्रश्न अनिर्णित राहिला. १९७५ मध्ये संरक्षण विभागाने सक्तीची सेवामुक्ती थांबवली. १९७६ च्या क्रॉफर्ड खटल्यात अपील न्यायालयाने मरीन कोर या अमेरिकी सेनादलाचा तसा नियम घटनाबाह्य ठरवला. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९९० पर्यंत चालली आणि नंतर हजारो माजी सैनिक स्त्रियांनी भरपाईचे दावे केले.

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर इराकमधील अमेरिकी सेनाधिकारी मेजर जनरल अँथनी कुकोलो यांनी गरोदर राहणे, तसेच सहकारी सैनिकाला गरोदर करणे, शिस्तभंगाच्या यादीत घातले. कुशल माणसे मोहिमेच्या मध्यावर गमावू नयेत, हा त्यांचा हेतू होता. आदेश स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होता. लष्करी न्यायालयात खटला (कोर्टमार्शल) चालण्याची शक्यता दिसताच टीका झाली. शिक्षेच्या भीतीने स्त्रिया गरोदरपण लपवतील व उपचार लांबतील, असा इशारा चार महिला सेनेटरांनी दिला. हा आक्षेप रास्तच होता. कोर्टमार्शलचा आपला विचार नव्हता, असे कुकोलो यांनी स्पष्ट केले. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांच्या आदेशात हे कलम राहिले नाही.

आज माघारी पाठवण्याचे समर्थन मुख्यतः वैद्यकीय असते : प्रसूतितज्ज्ञांचा अभाव, विषारी पदार्थांचा संपर्क, हिवतापावरील डॉक्सिसायक्लिनसारखी गरोदरपणात टाळली जाणारी औषधे. अमेरिकी नौदलात विसाव्या आठवड्यापर्यंत जहाजावर राहता येते, मात्र तातडीची प्रसूतिसेवा सहा तासांत गाठता आली पाहिजे. प्रसूतीनंतर भूदलातील तैनातीची सूट पूर्वी सहा महिने होती. २०२२ मध्ये ती एक वर्ष झाली. गरोदरपण लक्षातच न येण्याचे प्रसंगही घडतात. २०१२ मध्ये अफगाणिस्तानातील कँप बॅस्टियन या लष्करी तळावर एका ब्रिटिश सैनिक स्त्रीची प्रसूती झाली.

भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला सैनिक, नौसैनिक व हवाई योद्ध्यांना प्रसूती व बालसंगोपन रजेचे नियम अधिकाऱ्यांप्रमाणेच लागू करण्यास संरक्षणमंत्र्यांनी मान्यता दिली.